आधी लीद उचला, मग लगाम धरा

मागच्या महिन्यात बिलोलीच्या एका मित्राचा मेसेज आला. सोबत फ्लेक्सचं डिझाइन. मागचे पाय टेकून उभा राहिलेला पांढरा घोडा, आयाळीतून निघणारे सोनेरी किरण, खाली मोठ्या अक्षरांत 'प्रवेश सुरू' आणि 'वय वर्षे 6 ते 60'. मित्राकडं वरातीला लावायचे तीन घोडे आहेत. लग्नसराई संपली की ते बसून खातात, असं त्याचं म्हणणं. (घोडा बसून खात नाही, पण ते असो.) तर उरलेल्या महिन्यांत त्यांच्यावर रायडिंग स्कूल काढायचं त्याच्या डोक्यात आलेलं. प्रश्न एकच होता, "महिन्याची फी किती ठेवू? तू पुण्यात त्याच लाइनीत होतास ना."

मी लिहिलं, काढू नकोस.

"कामून?"

त्या 'कामून'चं उत्तर टाइप करत बसलो आणि ते मेसेजात मावेना.

मी पुण्याच्या बाहेर एका रायडिंग स्कूलच्या ऑफिसात दोन वर्षं होतो. फी घेणं, बॅच लावणं, पालकांच्या ग्रुपवर 'उद्या पावसामुळे क्लास नाही' टाकणं, हे माझं काम. तिथं शाळेचे घोडे होते आणि लोकांनी सांभाळायला ठेवलेले खासगी घोडेही होते. मालक शहरात किंवा परदेशात आणि घोडा आमच्याकडं, महिन्याच्या भाड्यावर. हॉस्टेलसारखंच, फक्त इथला विद्यार्थी घरी फोन करून तक्रार करू शकत नाही.

शाळेच्या माहितीपत्रकात दिवस सकाळी सहाला सुरू व्हायचा. तबेल्यात तो साडेचारला सुरू व्हायचा. अंधारात आधी आवाज येतो, दारावर खूर आपटल्याचा. बादलीचा आवाज कुणी काढलाय हे घोड्यांना कळतं. मग वैरण, मग चंदी, मग पाणी. एक घोडा दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी पितो, उन्हाळ्यात त्याहून जास्त. रात्रभरात थानात पडलेली लीद उचलायची, ओला भुसा काढायचा, कोरडा पसरायचा. एका घोड्याची दिवसाची लीद पंधरा-वीस किलो धरा. आमच्याकडं वीस घोडे होते. गुणाकार तुम्ही करा. मग खरारा. मग चारही खूर उचलून आतली माती, खडे, अडकलेली लीद आकड्यानं कोरून काढायची, कारण तिथं ओल राहिली की खूर सडतो. मग पाठीवरून हात फिरवून कुठं सूज आहे का, कुठं कातडी तापलीय का ते बघायचं. मग खोगीर, तंग, लगाम.

एवढं झालं की सहा वाजतात. गाड्या येतात. गुडघ्यापर्यंत बूट घातलेली पोरं उतरतात. मोतद्दार घोडा ओट्याशी आणून उभा करतो, पोरगं ओट्यावरून डाव्या बाजूनं चढतं. डावीकडूनच का, ते शिक्षक सांगतात: कमरेला डाव्या बाजूला तलवार असायची म्हणून. पोरांना ही गोष्ट फार आवडते. पंचेचाळीस मिनिटं गोल गोल फिरणं, थोडी दुडकी, आईच्या मोबाइलसाठी एक हसरा चेहरा. मग उतरायचं, लगाम हवेत सोडायचा (तो धरायला कुणीतरी असतंच), आणि गाडीत बसून निघायचं. घोड्याचा घाम कोण पुसतो, त्याला लगेच पाणी द्यायचं की थोडं चालवून, तंग कितपत आणि कधी सैल करायचा, हे त्या पोराला दोन वर्षांनीही माहीत नसायचं. आमच्या भिंतीवर अशा पोरांची प्रमाणपत्रं लावलेली होती.

माझी तक्रार इथंच आहे आणि ती एवढीच आहे. ज्या शाळेत पोरगं लीद न उचलता घोडेस्वार होतं, ती घोडेस्वारी शिकवतच नाही. ती उंची विकते. जमिनीपासून पाच फुटांवरून जग कसं दिसतं, त्याचं पंचेचाळीस मिनिटांचं तिकीट.

तुम्ही रीलवर बघता तो घोडा पंधरा सेकंद धावतो. उरलेल्या दिवसाचं रील कुणी बनवत नाही, आणि खरं घोडं तिथंच पेंड खातं.

एक रात्र सांगतो. सांभाळायला ठेवलेला एक तपकिरी घोडा संध्याकाळी चंदीला तोंड लावेना. ऑफिसातल्या मला वाटलं, नसेल भूक. आमचे सगळ्यात जुने मोतद्दार, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणायचो, ते दाराशी उभं राहून नुसतं बघत होते. घोडा मान वळवून स्वतःच्या कुशीकडं बघायचा, पुढच्या पायानं जमीन उकरायचा. मामा म्हणाले, पोट धरलंय. घोड्याचा पोटशूळ म्हणजे आपलं अपचन नव्हे. एवढ्या मोठ्या जनावराचं जठर आठ ते पंधरा लिटरचं, आणि त्याला ओकता येत नाही. आत अडकलं ते अडकलं. आतडं पिळलं तर काही तासांचा खेळ. मामांनी पुढची चंदी उचलून ठेवली, मला डॉक्टरांना फोन लावायला सांगितला आणि घोड्याला मोरकी घालून बाहेर काढलं. तो लोळण घ्यायला बघायचा, हे त्याला चालवायचे. रात्री अकराला सुरू झालेलं चालणं पहाटे चारला थांबलं. मध्ये डॉक्टर येऊन सुई, नळी सगळं करून गेले. चारच्या सुमाराला घोड्यानं लीद टाकली. मामा त्या लिदीकडं असे बघत होते की मला आधी हसू आलं, मग आलं नाही.

मालकाला मी सकाळी कळवलं. त्याचं उत्तर आलं, एक अंगठा आणि 'थँक्स टीम'.

त्याच रविवारी आमच्याकडं पदकं वाटायचा कार्यक्रम होता. स्टेजवर घोडा होता, पोरं होती, पालक होते, पाहुणे होते. फोटोग्राफरनं मामांना हातानं खूण केली, जरा बाजूला व्हा, फ्रेममध्ये येताय. मामांनी मोरकीची दोरी लांब सोडली आणि ते फ्रेमच्या बाहेर जाऊन उभे राहिले. तो फोटो अजून माझ्याकडं आहे. दोरी दिसते, ती धरणारा दिसत नाही. आणि तेव्हा मी काय केलं? खुर्च्या मोजत होतो. पहिले सहा महिने मीही तबेल्यात नाकाला रुमाल लावूनच जायचो, हेही इथंच कबूल करून टाकतो.

आता कुणीतरी म्हणेल, हे साहेबी शौक आहेत, त्यात कशाला पडायचं, आपला घोडा वेगळा, आपला घोडा इतिहासाचा. बरं. इतिहासाकडं जाऊ.

आपल्या प्रत्येक गावात महाराजांचा अश्वारूढ फोटो आहे. पण महाराजांचं घोड्यांबद्दलचं जे पत्र सगळ्यांनी वाचायला हवं, त्यात ना लढाई आहे ना दौड. चिपळूणजवळच्या छावणीतल्या आपल्या अंमलदारांना लिहिलेलं 1670च्या दशकातलं ते पत्र आहे आणि त्याचा विषय आहे दाणा आणि वैरण. पावसाळा काढायचाय, साठवलेलं गवत-दाणा बेतानं वापरा. आत्ताच मनाला येईल तसं उधळलंत तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखं होईल. मग तुमची माणसं रयतेच्या घरात शिरून दाणा, भाजी, लाकूडफाटा उचलायला लागतील. गवताच्या गंज्यांजवळ चुली पेटवू नका, विस्तव जपा, दिव्याची वात उंदीर ओढून नेतो तिच्यानं आग लागेल, इथपर्यंत बारकावा त्यात आहे. स्वराज्य उभं करणारा राजा उंदराचा आणि कडब्याचा विचार करतोय. आपण पुतळ्यात घोड्याचा कोणता पाय वर असावा यावर भांडतो.

सभासद बखरीत पागेची रचना दिलेली आहे. पंचवीस बारगिरांमागं एक पखालजी आणि एक नालबंद. म्हणजे पाणी वाहणारा आणि नाल ठोकणारा, हे फौजेच्या हिशेबातच धरलेले होते. बारगीर म्हणजे सरकारी पागेचा घोडा घेऊन लढणारा, आणि शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा आणणारा. हा फरक आजच्या शाळांनाही लागू पडतो. तासावर घोडा घेणारा तो बारगीर, सांभाळायला ठेवणारा तो शिलेदार. फक्त आजच्या हिशेबात पखालजी आणि नालबंद कुठंच लिहिलेले नसतात. दर सहा ते आठ आठवड्यांनी खूर साळून नवी नाल लावायला जो माणूस येतो त्याचं नाव आमच्या ऑफिसातही नव्हतं. वहीत नुसतं 'नाल' आणि पुढं रक्कम.

जाता जाता एक. 'खोगीरभरती' ही आपण शिवी करून टाकलीय. निकामी माणसं भरली की खोगीरभरती. पण खोगिराच्या आत जी भर घालतात, लोकर, चिंध्या, काय असेल ते, तिच्यामुळंच घोड्याच्या कण्यावर सरळ भार येत नाही. ती भर सपाट झाली की पाठीला फोड येतात. ही म्हण पाडणारा नक्की वर बसणारा असणार. खाली उभा राहणाऱ्याला भर म्हणजे काय ते माहीत असतं.

पालकांचा मुद्दा मला पाठ आहे, कारण तो मी काउंटरवर उभा राहून ऐकलाय. "आम्ही पैसे घोडेस्वारीचे देतो, झाडलोटीचे नाही." मुद्दा ऐकायला बिनतोड आहे. पण ज्या इंग्लंडकडून ही बूट-टोपीची सगळी थाटामाटाची घोडेस्वारी आपण उचलली, तिथल्या पोनी क्लबमध्ये, जो 1929 पासून चालतोय, पोरांच्या परीक्षेत घोड्याची निगा हा भाग स्वारीबरोबरच असतो. आपण बूट आणले, परीक्षा तिकडंच ठेवली.

दुसरा मुद्दा जरा खरा आहे: पोरं लीद उचलायला लागली तर मोतद्दाराची रोजी जाईल. नाही जाणार. आठवड्यातून दोनदा तासभर दहा वर्षांचं पोरगं जे काम करतं त्यानं कुणाची रोजी जात नाही, उलट मोतद्दाराचं काम वाढतं, कारण त्याला शिकवावं लागतं. आणि मला नेमकं तेच हवंय. तो शिकवताना दिसला पाहिजे. फी-पावतीवर 'प्रशिक्षक' या शब्दासमोर त्याचंही नाव आलं पाहिजे आणि त्या नावापुढं त्या कामाचा पगार. घोड्यावर कोण बसणार आणि मोरकी कोण धरणार, हे आपल्या देशात नुसतं कसबावर कधीच ठरलेलं नाही. दलित नवरदेव घोड्यावर बसला म्हणून वरात अडवल्याच्या बातम्या गुजरातेतून, राजस्थानातून, उत्तर प्रदेशातून अजून येतात. पोलीस बंदोबस्तात वराती निघतात. म्हणजे पाठीवरची ती पाच फुटांची उंची किती महाग आहे हे आपल्याला चांगलं कळतं. अशा देशात पोराला चढायला शिकवायचं आणि खाली उभ्या माणसाकडं बघायला शिकवायचं नाही, तर ते पोरगं तिथून घोड्यापेक्षा वेगळंच काहीतरी शिकून जातं.

ज्यांना पदकांचीच भाषा कळते त्यांच्यासाठी पदकांचं बोलू. 2023च्या सप्टेंबरात हांगझोच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या ड्रेसाज संघानं सुवर्ण जिंकलं. घोडेस्वारीतलं आपलं 1982 नंतरचं पहिलं सुवर्ण. संघात चौघं होते, त्यात मुंबईचा हृदय छेडाही. आनंदच आहे. पण चौघांची तयारी युरोपात झाली आणि घोडेही युरोपातलेच. इथले घोडे का नाहीत? याला पैसा हे एक कारण आहेच. दुसरं कारण म्हणजे इथल्या घोड्याला बाहेरचे देश सहजी दारात घेत नाहीत, कारण इथं ग्लँडर्स, सर्रा असे रोग आहेत. ग्लँडर्स तर माणसालाही होतो आणि तो झालेला घोडा मारावा लागतो. अखेर 2025च्या जुलैत मीरत छावणीतल्या लष्कराच्या रिमाउंट पशुवैद्यकीय केंद्राला जागतिक पशुआरोग्य संघटनेनं रोगमुक्त विभाग म्हणून मान्यता दिली. देशातला असा पहिला. आता तिथले घोडे परदेशी स्पर्धांना जायची वाट मोकळी झाली. ही मान्यता कशावर मिळते? आत कोण येतं, बाहेर काय जातं, पाणी कुठलं, माश्या किती, लीद कुठं टाकता, आजारी जनावर वेगळं कधी बांधलं, याच्या नोंदींवर. म्हणजे पदकाची सुरुवात झाडू आणि वहीपासून होते, आणि तो झाडू ज्याच्या हातात आहे त्याला आपण फ्रेममधून बाहेर काढतो.

हे सगळं पुण्याचं, मीरतचं, आमच्या नांदेडचं काय, असं मित्र विचारेल. नांदेडला घोड्याची अक्कल कमी आहे असं मी कधी म्हणणार नाही. हुजूर साहिबला गुरू गोविंदसिंहांच्या घोड्याच्या वंशातले म्हणून मानले जाणारे घोडे आहेत. दसऱ्याच्या हल्ला मिरवणुकीत ते चालतात आणि त्या घोड्याच्या पाठीवर कुणी बसत नाही. पंढरीच्या वाटेवरच्या रिंगणात माउलींचा अश्व धावतो, त्याच्याही पाठीवर कुणी नसतं. लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. दोन वेगळ्या परंपरा, पण दोन्हींत मानाचा घोडा रिकाम्या पाठीचा, आणि त्याला सांभाळणं ही सेवा. बसायला मिळणार नाही हे माहीत असूनही वर्षभर खरारा करणारी माणसं आपल्याच मातीत आहेत.

आणि माळेगाव आहे. लोहा तालुक्यातल्या खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. तिथला जाणता गिऱ्हाईक घोडा कसा घेतो ते बघा. आधी चारी खूर उचलून बघतो. मग तोंड उघडून दात. मग पाठीवर अंगठा दाबून. मग लीद. बसतो सगळ्यात शेवटी, कधी कधी बसतच नाही. शहरातल्या शाळेत जे दोन वर्षांत शिकवत नाहीत ते माळेगावात पागोटंवाला म्हातारा दहा मिनिटांत करून दाखवतो. मित्रा, तुझ्या फ्लेक्सवर त्याचा फोटो टाक. घोड्यातून निघणारे किरण काढ.

आता तुझ्या तीन घोड्यांचा हिशेब. वरातीचा घोडा साधारण साडेतीनशे किलोचा धर. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या वीस टक्क्यांच्या वर जाऊ नये असा ढोबळ नियम आहे. म्हणजे सत्तर किलो, खोगिरासकट. 'वय वर्षे 6 ते 60' मधला साठीचा माणूस त्यात बसतो का बघ. वरातीत नवरदेव, त्याची शेरवानी आणि पुढं बसवलेला भाचा धरून किती होतात तेही एकदा मोजून ठेव. चार-पाच महिने डीजेसमोर उभं राहिलेल्या जनावराला विश्रांती हवी. त्याला तू रिकामा बसलेला समजायलास. सकाळी नऊनंतर एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं ऊन कसं असतं ते तुला सांगायला नको. आणि पाणी. तीन घोडे म्हणजे पिण्याचंच शंभर-सव्वाशे लिटर, धुणं वेगळं. 2016च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्याच पट्ट्यातले आपण. ज्या वर्षी बोअर आटेल त्या वर्षी तुझ्या गल्लीत घोड्याच्या बादलीकडं लोक कसे बघतील? उदगीरला, परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पण रात्री दोनला घोडा जमीन उकरायला लागला तर तिथून कुणी येईपर्यंत मोरकी धरून कोण चालवणार? तू चालवणार असशील तर पुढं बोलू. दुसऱ्या कुणाला पगारावर चालवायला लावणार असशील तर आधी त्याला विचार, त्याला शाळा काढायचीय का.

घोडे ठेवणंच क्रूर आहे, सगळं बंद करा, असं म्हणणाऱ्यांच्या बाजूला मी नाही. मुंबईच्या व्हिक्टोरिया उच्च न्यायालयानं 2015 मध्ये बेकायदा ठरवल्या, त्यांच्या घोड्यांची जी दशा होती ती बघता ते बरोबरच होतं. पण घोडा माणसाशिवाय सुखात जगेल ही कल्पना खिडकीतून जंगल बघणाऱ्यांची आहे. हजारो वर्षं आपण त्याला दाण्याची सवय लावली. शेतात नाग चावल्यावर दवाखान्यात जी प्रतिविषाची बाटली लावतात, तीसुद्धा घोड्याच्या रक्तातून काढलेली असते. संबंध तोडायला आता उशीर झालाय. तो नीट ठेवायचा एवढंच हातात आहे.

हे सगळं मी त्याला तुकड्यातुकड्यांत पाठवलं. दोन दिवस निळ्या खुणा, उत्तर नाही. मला वाटलं, तुटली मैत्री. तिसऱ्या दिवशी रात्री फोन आला.

"फ्लेक्स छापला नाही अजून," तो म्हणाला. "पण एक सांग, लीद कुठं टाकायची? शेजारचे भांडायलेत."

मी म्हणालो, खड्डा कर, शेतात खत होईल, घरापासून आणि पाण्यापासून लांब.

"आन् पोरं आली तर पहिल्या दिवशी काय शिकवू?"

"खड्ड्यापर्यंत घमेलं न्यायला."

तो हसला. मग म्हणाला, पोरांच्या आया येऊ देणार नाहीत. मी म्हणालो, नाही येऊ देणार बऱ्याच जणी. तीन घोड्यांना किती पोरं लागतात?

काल त्यानं एक फोटो पाठवला. त्यात घोडा नाही. अर्धवट बांधलेला सिमेंटचा हौद आहे, शेजारी फावडं, आणि कडेला उभा असलेला त्याचा सईस, अंगठा आणि करंगळी ताणून हौदाची उंची वितीनं मोजताना.

खाली लिहिलंय, "तो म्हणायलाय, उंच झालाय. खाली घ्यावा लागतो का?"

मी विचारलं, कुणाच्या छातीनं मोजलाय, तुझ्या का घोड्याच्या?